बीटलचा स्लो उतरतच नाही: सोलेक्स ३४ पिक्ट-३ चा ऑटो चोक आणि न संपणारी तक्रार

गाडी चांगली तापली आहे, तरी सिग्नलला थांबलं की इंजिन मिनिटाला १३००-१५०० फेऱ्यांवर भणभणतं. रिव्हर्स टाकताना गिअर खरडतो. चावी बंद केल्यावरही इंजिन दोन-चार फेरे गुरगुरत राहतं. गॅरेजमध्ये नेली की पाच मिनिटांत स्लो, म्हणजे पेडल सोडल्यावरचा इंजिनाचा वेग, उतरवून मिळतो, आणि आठवड्याभरात एक तर तो पुन्हा चढतो, नाहीतर सकाळी थंड गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते. मग कोणीतरी स्लो वाढवून देतं. सोलेक्स ३४ पिक्ट-३ कार्ब्युरेटर असलेल्या फोक्सवॅगन बीटलची ही नेहमीची रड आहे.

दोष ऑटो चोकवर, म्हणजे गार इंजिनाला जादा पेट्रोल मिळावं म्हणून हवेची वाट आपोआप मिटवणाऱ्या पातीवर जातो आणि त्यात तथ्यही असतं. पण तक्रार पुन्हा पुन्हा येते ती एका स्क्रूमुळे. अ‍ॅक्सिलेटरने उघडणाऱ्या थ्रॉटलच्या दांडीवर, कार्ब्युरेटरच्या डाव्या अंगाला एक स्क्रू आहे. त्याचं टोक चोकच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कॅमवर टेकतं. जुन्या सोलेक्सवर, म्हणजे २८ पिक्ट आणि ३० पिक्ट-१ वर, स्लो याच स्क्रूने लावायचा असतो. मारुती ८०० किंवा स्कूटरवर हात बसलेला मेकॅनिकही असाच स्क्रू शोधतो. ३४ पिक्ट-३ वर मात्र तो स्लोचा स्क्रू नाही. स्लोसाठी त्याच डाव्या बाजूला, खालच्या अंगाला वेगळा जाडा बायपास स्क्रू दिलेला आहे आणि त्याच्या शेजारी हवा-पेट्रोलचं मिश्रण लावायचा बारीक मिक्श्चर स्क्रू. दांडीवरच्या स्क्रूचं काम एवढंच, की चोक लागलेला असताना थ्रॉटलची पाती थोडी जास्त उघडी धरायची.

हा स्क्रू आत घेतला की थ्रॉटलची पाती कायमची उघडी राहते. इंजिन स्लोच्या मार्गातून पेट्रोल घेणं सोडून वरच्या छिद्रांतून घ्यायला लागतं. मग मिक्श्चर स्क्रू फिरवून फरक पडत नाही, बायपास स्क्रू पुरता मिटवला तरी स्लो उतरत नाही, आणि स्लो जेटच्या कट-ऑफ सोलेनॉइडला (विजेवरच्या झडपेला) पेट्रोल तोडून इंजिन थांबवता येत नाही. चावी काढल्यावरचं गुरगुरणं इथून येतं.

आधी बघा, पाना मग उचला

एअर क्लीनर काढा. ऑइल बाथचा असेल तर आडवा करू नका, तेल सांडतं. इंजिन पूर्ण तापलेलं असू द्या, म्हणजे निदान १५-२० मिनिटं गाडी चाललेली. इंजिन बंद करा, अ‍ॅक्सिलेटरची दांडी हाताने एकदा पूर्ण उघडून सोडा आणि वरून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघा. चोकची पाती अगदी उभी दिसली पाहिजे, कडेवर. डाव्या बाजूने कॅम बघा. दांडीवरच्या स्क्रूचं टोक सगळ्यात खालच्या पायरीवर असायला हवं.

पाती तिरकी असेल तर चोक खरोखर उघडत नाही आणि दुखणं चोकच्या बाजूला आहे. पाती उभी आहे, स्क्रू खालच्या पायरीवर आहे, पण तिच्यावर जोराने दाबून बसला आहे, तर चोक निर्दोष आहे आणि कोणीतरी स्क्रू आत घेतला आहे. पाती उभी, स्क्रू जेमतेम टेकलेला, तरीही स्लो चढलेला असेल, तर हवा, केबल किंवा डिस्ट्रिब्युटर बघावा लागेल. या तीन वाटा वेगळ्या आहेत. कोणती ते कळल्याशिवाय एकही स्क्रू फिरवू नये, कारण फिरवल्यावर मूळ खूण पुसली जाते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं स्लो चढलेला असणं हा बिघाड नाही. शिवाय चोक उघडला तरी कॅम आपोआप खाली फिरत नाही, कारण थ्रॉटलच्या स्प्रिंगच्या जोराने स्क्रूचं टोक पायरीवर रुतून बसलेलं असतं. अ‍ॅक्सिलेटरला एक हलका ठोका दिला की स्क्रू क्षणभर उचलला जातो आणि कॅम पुढच्या पायरीवर सरकतो. गाडी सुरू करून तशीच उभी ठेवून चहा प्यायला गेलात, तर ती दहा मिनिटांनीही वरच्या पायरीवरच असेल. ठोका दिल्यावर स्लो उतरत असेल तर काहीही दुरुस्त करायचं नाही.

चोक आतून कसा चालतो

बीटलला पाणी नाही, तेव्हा चोकला गरम पाण्याची नळी देता येत नाही. म्हणून वीज. कार्ब्युरेटरच्या उजव्या बाजूला, तीन स्क्रूंच्या कड्याने धरलेली गोल डबी असते. तिच्यात गुंडाळलेली द्विधातूची पट्टी आणि तिला तापवणारी तार आहे. पट्टी गार असताना चोकची पाती मिटवू पाहते. चावी लावली की कॉइलच्या १५ नंबरच्या टोकावरून आलेल्या वायरीने तार तापते, पट्टीचा ताण सुटतो आणि पाती उघडत जाते. पूर्ण उघडायला साधारण ३ ते ५ मिनिटं लागतात. सुरू करण्यापूर्वी अ‍ॅक्सिलेटर एकदा दाबून सोडायचा तो यासाठीच. दाबला नाही तर स्क्रू कॅमला अडवून धरतो आणि चोक लागतच नाही.

शेजारी आणखी एक छोटा डायफ्रॅम आहे. इंजिन पेटताक्षणी मॅनिफोल्डची, म्हणजे कार्ब्युरेटरखालच्या नळीतली हवेची ओढ त्याला लागते आणि तो मिटलेली पाती काही मिलिमीटर उघडतो, नाहीतर इंजिन पेट्रोलमध्ये गुदमरेल. हा फाटला की सुरू झाल्याझाल्या काळा धूर येतो, आणि फाटलेल्या जागेतून हवाही ओढली जाते. तपासणी सोपी आहे. गार इंजिन सुरू करताना दुसऱ्याला पातीकडे बघायला सांगा. इंजिन पेटताच पाती टचकन थोडी उघडली नाही, तर डायफ्रॅमचं झाकण खोला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते मानवत नाही, तेव्हा जुना डायफ्रॅम कडक किंवा सैल पडलेला दिसला तर ठिगळ लावत बसू नका, रिपेअर किटमधला नवा टाका. त्याच किटमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम असतो, तोही बदलून घ्या.

पाती तिरकी राहते तेव्हा

सगळ्यात आधी वीज. चोकच्या डबीवरच्या पत्तीची वायर काढा, मल्टिमीटरची लाल दांडी वायरीला आणि काळी इंजिनच्या उघड्या धातूला लावा. इंजिन चालू असताना १३ ते १४ व्होल्ट दिसायला हवेत. इंजिन बंद ठेवून चावी लावून मोजायचं असेल तर अर्ध्या मिनिटात उरका. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, म्हणजे कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, मिटलेले असतील तर तेवढ्यात कॉइल तापायला लागते.

शून्य दाखवत असेल तर वायर तुटली आहे किंवा कॉइलवरचा क्लिप सैल आहे. कॉइलच्या १५ वर तीन-चार वायरी एकत्र येतात: चावीची, चोकची, कट-ऑफची. एखाद्या क्लिपला गंज धरलेला असतो. खड्ड्यात गाडी आपटली की संपर्क तुटतो आणि चोक अर्ध्या वाटेवर गार होतो. स्लो कधी नीट, कधी चढलेला, असा लहरी बिघाड असेल तर पहिला संशय या क्लिपांवर घ्या.

८-९ व्होल्टच येत असतील तर नंतर बसवलेली कॉइल बघा. बॅलास्ट रेझिस्टरवाली (व्होल्टेज उतरवणारा रोधक जोडलेली) कॉइल लावली असेल आणि चोकची वायर रेझिस्टरच्या पुढे, कॉइलच्या बाजूला जोडली असेल, तर चोकला पुरेशी वीज मिळत नाही. तो उघडतो, पण पंधरा-वीस मिनिटं घेतो. वायर रेझिस्टरच्या अलीकडे, चावीच्या बाजूला घ्या. कॉइलच्या १ नंबरला, म्हणजे पॉइंटच्या बाजूला जोडलेली वायरही अधूनमधून सापडते. तिथे चोकही नीट तापत नाही आणि इग्निशनही बिघडतं.

वीज ठीक असेल तर अर्थ बघा. डबीला वेगळी अर्थ वायर नसते, कडं आणि कार्ब्युरेटरची बॉडी यांतूनच अर्थ जातो. कार्ब्युरेटर हौसेने रंगवला असेल किंवा कड्याखाली पांढरी बुरशी धरली असेल तर अर्थ मिळत नाही. कडं काढून टेकण्याची जागा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा.

डबी स्वतः जळाली आहे का ते बाहेर काढून बघा. पत्ती आणि धातूची कड यांच्यात ओहम मोजा. मीटरने काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटलेली आहे. तार शाबूत असेल तर बॅटरीचा धन पत्तीला आणि ऋण कडेला, मध्ये फ्यूज टाकून जोडा आणि पट्टीच्या टोकाच्या आकड्यावर (हुकावर) नजर ठेवा. एक-दोन मिनिटांत हा हुक डोळ्यांना दिसेल इतका सरकतो. सरकला नाही तर डबी बदला. नवी घेताना व्होल्टेज तपासून घ्या. १९६७ च्या आधीच्या बीटल बहुधा ६ व्होल्टच्या. तसल्या गाडीवर १२ व्होल्टची डबी लावली तर चोक अर्धा तास उघडत नाही, आणि उलट केलं तर तार काही दिवसांत जळते.

डबी परत बसवताना पट्टीचा आकडा आतल्या दांडीत अडकला पाहिजे. घाईत तो दांडीच्या बाहेर राहतो. मग पट्टी एकीकडे आणि पाती दुसरीकडे. बसवल्यावर डबी थोडी उजवी-डावी फिरवा. पाती तिच्याबरोबर हलली तर आकडा धरला आहे.

वीज, अर्थ, डबी तिन्ही ठीक, तरी पाती तिरकी? मग ती कुठेतरी घासते आहे. बोटाने ढकलून बघा. ती स्वतःच्या वजनाने पडावी इतकी मोकळी हवी. एअर क्लीनरचा क्लॅम्प ताकदीने आवळला की कार्ब्युरेटरचं तोंड किंचित लंबगोल होतं आणि पाती कडेला घासते. क्लॅम्प ढिला केल्यावर पाती मोकळी झाली तर कारण सापडलं. शाफ्टवर डांबरासारखा थर असेल तर कार्ब क्लीनर मारून मागे-पुढे हलवा. नंतर तेल लावू नका, त्यावर धूळ बसून पुन्हा तेच होतं.

चोकची जागा लावणं

हे काम गार इंजिनावर करायचं, शक्यतो रात्रभर उभ्या गाडीवर. कारखान्याची जागा म्हणजे डबीवरची खूण बॉडीवरच्या मधल्या खुणेसमोर. ही जागा युरोपातल्या थंडीचा विचार करून दिलेली आहे. मुंबई, रत्नागिरी, पणजीत जानेवारीच्या सकाळीही इंजिनाला इतक्या चोकची गरज पडत नाही, आणि नागपुरात मे महिन्यात तर जवळजवळ नाहीच.

कड्याचे तीन स्क्रू ढिले करा, काढू नका. अ‍ॅक्सिलेटरची दांडी अर्धी उघडी धरून ठेवा, म्हणजे कॅम मोकळा राहील. डबी ज्या दिशेला फिरवल्यावर पाती उघडते त्या दिशेला पूर्ण उघडेपर्यंत न्या. मग उलट, हळूहळू, पाती मिटून नुकती कडेला टेकेपर्यंत आणा आणि तिथेच थांबा. बोटाने दाबल्यावर पाती सहज उघडली पाहिजे. जोर लावावा लागला तर पट्टी जास्त ताणली आहे. अशी गाडी सुरू तर पटकन होते, पण नंतर चोक सुटायला उशीर लावते. तीन स्क्रू सारखे आवळा, जोराने नको. बॉडी मऊ धातूची आहे, आटे सहज जातात.

नाशिक-निफाडच्या थंडीत सकाळी गाडी काढणाऱ्यांनी कारखान्याच्या खुणेच्या जवळ राहावं. कोकणात एक खूण मोकळी ठेवली तरी चालतं.

आता स्लो, ठरलेल्या क्रमाने

त्याआधी ठिणगीचं टायमिंग आणि पॉइंट बघून घ्या. टायमिंग चुकलेलं असताना लावलेला स्लो टिकत नाही. इंजिन पूर्ण तापवा, चोकची पाती उभी आहे याची खात्री करा. बीटलला टॅकोमीटर नसतो, तेव्हा फेरे मोजायला क्लॅम्पचा किंवा ड्वेल-टॅको मीटर हाताशी ठेवा.

१. इंजिन बंद करून दांडीवरचा स्क्रू इतका मागे घ्या की तो कॅमला शिवणारच नाही. थ्रॉटलची पाती आता पूर्ण मिटलेली हवी.

२. स्क्रू हळूहळू आत घ्या. टोक खालच्या पायरीला नुकतं टेकलं की थांबा. मध्ये कागदाची पट्टी धरली तर टेकलेला क्षण नेमका कळतो. तिथून पाव फेरा आणखी आत. थ्रॉटलच्या पातीला सुमारे ०.१ मिलिमीटरची फट मिळाली. याच्यानंतर या स्क्रूला हात लावायचा नाही.

३. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत टेकवा आणि अडीच फेरे बाहेर घ्या. जोराने टेकवला तर टोकाला वळ पडतो आणि मग तो कधीच नीट लागत नाही.

४. इंजिन सुरू करून जाड्या बायपास स्क्रूने ८५० फेरे आणा. बाहेर घेतला की वाढतो, आत घेतला की उतरतो.

५. मिक्श्चर स्क्रू हळूहळू बाहेर घेत फेरे सर्वात जास्त होतील तिथे आणा, मग फेरे २०-३० ने उतरेपर्यंत आत घ्या.

६. बायपासने पुन्हा ८५०.

पाचव्या पायरीवर मिक्श्चर स्क्रू फिरवूनही इंजिनावर काहीच परिणाम होत नसेल तर पुढे जाऊ नका. स्लोच्या मार्गात पेट्रोल येत नाहीये. कट-ऑफ सोलेनॉइडची वायर चावी लावलेली असताना काढा-घाला, स्पष्ट टिक आवाज यायला हवा. टिक येत नसेल तर वीज किंवा सोलेनॉइड. टिक येत असेल तर स्लो जेट काढून हवेने साफ करा. तारेने टोचू नका, छिद्र मोठं होतं.

सगळ्या दुखण्याचं मूळ बहुधा इथेच असतं. कधीतरी स्लो जेटमध्ये कचरा अडकला किंवा सोलेनॉइडची वायर निघाली, गाडी स्लोला राहीना, तर गॅरेजमध्ये जेट साफ करण्याऐवजी दांडीवरचा स्क्रू दोन फेरे आत घेतला गेला. गाडी उभी राहू लागली, सगळे खूश. जेट नंतर आपोआप मोकळा झाला किंवा कोणी साफ केला, आणि आता स्लो १४०० वर. मग कोणी चोकची डबी ढिली केली. अशा गाडीत दोन-तीन गोष्टी एकाच वेळी चुकलेल्या असतात, म्हणून एकेक करून सुधारताना प्रत्येक वेळी तक्रार फक्त रूप बदलते. वरचा क्रम पहिल्यापासून पुरा करणं हाच त्यावर उपाय.

आणखी एक मोह म्हणजे डायनामोचा लाल दिवा. ८५० वर डायनामो फारसा चार्ज करत नाही आणि दिवा किंचित लुकलुकतो. तो विझवण्यासाठी स्लो वाढवू नका. बेल्टचा ताण आणि कार्बन ब्रश बघा. ते ठीक असतील तर लुकलुकू द्या.

चोक निर्दोष, तरी स्लो चढलेला

दांडीवरचा स्क्रू कॅमपासून पूर्ण मोकळा केला, बायपास मिटवला, तरी इंजिन हजाराच्या वर चालतंय, तर हवा दुसरीकडून येते आहे किंवा थ्रॉटलची पाती मिटत नाही.

केबल आधी. दांडीच्या टोकातून केबल सोडवा. स्लो उतरला तर केबल ताणलेली आहे. परत जोडताना दुसऱ्याला पेडल पूर्ण दाबायला सांगा. तेव्हा थ्रॉटलची दांडी तिच्या अडणीपासून साधारण १ मिलिमीटर अलीकडे थांबली पाहिजे. केबल पंख्याच्या पत्र्यातल्या नळीतून येते, तिथे गंज असेल तर ती अडखळत परत येते. पेडल सोडल्यावर स्लो दोन-तीन सेकंदांनी उतरतो तो बऱ्याचदा यामुळे. केबल ओढून काढून पुसा, ग्रीस लावा, रिटर्न स्प्रिंग ढिली असेल तर बदला.

हवा ओढण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: कार्ब्युरेटरच्या बुडाचं पॅकिंग, ड्युअल पोर्ट मॅनिफोल्डचे दोन रबरी जोड, हेडवरची पॅकिंग आणि डिस्ट्रिब्युटरला जाणाऱ्या नळ्या. रबरी जोड वरून धडधाकट दिसतात आणि खालून चिरलेले असतात, तेव्हा बोट फिरवून बघा. इंजिन चालू ठेवून कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा एकेका जागी मारा. फेरे बदलले की ती जागा. हे करताना आग विझवायचा सिलिंडर जवळ हवा. पेट्रोल पंप, डिस्ट्रिब्युटर आणि तापलेलं हेड वीतभर अंतरावर असतात, फवारा सढळ हाताने मारायची ही जागा नाही.

थ्रॉटलच्या शाफ्टजवळ फवारल्यावर फेरे बदलले तर शाफ्टची भोकं झिजली आहेत. दांडी वर-खाली हलवून खेळ जाणवतोच. लेथवर भोकं रीम करून पितळी बुश बसवून घेता येतात, आणि अस्सल जर्मन बॉडी असेल तर नव्या नकलेपेक्षा हे काम करून घेणं परवडतं. बुडाचे नट जास्त आवळल्याने फ्लँज वाकतो आणि शाफ्ट जखडतो, हेही त्याच वेळी बघा. फ्लँजवर स्टीलची पट्टी आडवी धरली की वाक दिसतो.

आता डिस्ट्रिब्युटर. अ‍ॅडव्हान्सची, म्हणजे ठिणगी लवकर पाडणारी नळी कार्ब्युरेटरच्या बाजूने काढून भोकावर बोट ठेवा. स्लोवर तिथे ओढ जाणवता कामा नये. जाणवली तर थ्रॉटलची पाती इतकी उघडी आहे की तिची कड त्या भोकाच्या वर गेली आहे. मग अ‍ॅडव्हान्स स्लोवरच लागतो, फेरे आणखी चढतात, म्हणजे एका चुकीवर दुसरी. पुन्हा वरचा पहिला-दुसरा टप्पा. दोन नळ्यांच्या डिस्ट्रिब्युटरवर रिटार्डच्या (ठिणगी उशिरा पाडणाऱ्या) नळीत मात्र स्लोवर ओढ असतेच, ती बघून घाबरू नका. ती नळी निघालेली किंवा फाटलेली असेल तर रिटार्ड मिळत नाही, हवाही शिरते, आणि स्लो चढतो.

बॉशच्या ००९ डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम नाही, ठिणगी पुढे नेणारी फक्त फिरती वजनं. वजनं सुकून अडकली किंवा त्यांच्या स्प्रिंगा सैल पडल्या तर रेस दिल्यावर फेरे वरच लटकतात आणि सावकाश उतरतात. कॅप काढून रोटर फिरवून सोडा, तो झटकन परत यायला हवा. ३४ पिक्ट-३ आणि ००९ ची जोडी मुळातच फारशी जमत नाही. पेडल दाबताच इंजिन क्षणभर अडखळतं, आणि ते अडखळणं लपवायला स्लो १००० च्या वर ठेवलेला असतो. अशा गाडीचा स्लो ८५० वर आणला की मालक नाराज होतो. व्हॅक्यूमवाला डिस्ट्रिब्युटर मिळाला तर बसवा.

गरम गाडी परत सुरू केल्यावर

दुकानात अर्धा तास जाऊन आलात, गाडी सुरू केली, आणि स्लो पुन्हा १२००. इंजिन अजून तापलेलं असतं, पण चोकची छोटी डबी तेवढ्या वेळात निवते आणि पाती थोडी मिटते. त्यात सवयीने पेडल दाबून सुरू केलं की कॅम वर चढतो. इंजिन गरम असताना सुरू करण्यापूर्वी पेडल दाबू नका. दाबलंच तर मिनिटभरात एक ठोका द्या. पाच मिनिटांनंतरही उतरत नसेल तरच तो बिघाड धरा.

चोक काढून टाकायचा का?

बरेच जण वैतागून चोकची वायर काढून ठेवतात. हे सगळ्यात वाईट. वीज नाही म्हणजे पट्टी तापत नाही आणि पाती पूर्ण कधीच उघडत नाही. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल धुऊन क्रँककेसमध्ये उतरतं. बीटलमध्ये तेल अवघं अडीच लिटर, तेही पातळ होतं. डिपस्टिक हुंगून पेट्रोलचा वास आला तर तेल लगेच बदला, मग चोक बघा.

बंदच करायचा असेल तर डबी पाती पूर्ण उभी राहील अशी फिरवून आवळा, आणि मगच वायर काढून तिचं टोक टेपने नीट गुंडाळा, कारण ती वायर चावी लावल्यावर जिवंत असते. मुंबई-गोव्याच्या हवेत असं चालतं. सकाळी दोनदा पेडल मारून सुरू करायची आणि मिनिटभर पायाने धरायची. घाटावरच्या हिवाळ्यात हा उद्योग करू नये.

नवा कार्ब्युरेटर बसवताना

सध्या बाजारात मिळणाऱ्या नव्या नकला डब्यातून काढून तशाच बसवल्या जातात. दांडीवरचा स्क्रू बहुतेकांत भलत्याच जागी असतो. बसवण्यापूर्वी टेबलावरच तो मागे घेऊन पाव फेऱ्याची जागा लावा, चोकची पाती बोटाने हलवून घासते का बघा, डबीचे तीन स्क्रू आवळलेले आहेत का तपासा, आणि थ्रॉटलची पाती उजेडासमोर धरा. मिटलेल्या पातीच्या कडेने सगळीकडून सारखी, केसाएवढी फट दिसायला हवी. एका बाजूला जास्त उजेड दिसला तर पाती तिरकी बसली आहे. तिचे दोन छोटे स्क्रू ढिले करा, पाती मिटवून तिला स्वतःची जागा घेऊ द्या, आणि स्क्रू आवळून मागून ठोकून पक्के करा. हे स्क्रू सुटले तर थेट इंजिनात जातात.